कॅस (प्राध्यापकांची सेवांतर्गत पदोन्नती योजना), वेतन लेव्हल 10 ते 11 : प्रसूती रजेच्या वर्षाची श्रेणी आणि अर्जाची तारीख

वाणिज्य_सहायक :
अनुदानित महाविद्यालयात 2 ऑगस्ट 2021 ला सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पीएच.डी. नियुक्तीआधीची, त्यामुळे चार वर्षांनी, म्हणजे 2 ऑगस्ट 2025 ला लेव्हल 11 देय होते. 12 डिसेंबर 2022 पासून 180 दिवस प्रसूती रजा होती. 2022-23 चं दुसरं सत्र त्यातच गेलं आणि आयक्यूएसीने (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने) त्या वर्षाला ‘असमाधानकारक’ श्रेणी दिली आहे. शिवाय दोन आठवड्यांचा संशोधन पद्धती वर्ग झालाय, पण गुरुदक्षता (नव्या प्राध्यापकांचा प्रशिक्षण वर्ग) बाकी आहे. प्रवेश मिळालेली तुकडी 25 ऑगस्टला संपते. अर्ज मे महिन्यातच देऊन ठेवावा का?

आयक्यूएसी_डेस्क :
मॅडम, ती श्रेणी चुकीची आहे, लेखी दुरुस्त करून घ्या. यूजीसीच्या 2018 च्या विनियमांत तक्ता 1 खालची टीप बघा. प्रसूती, बालसंगोपन, अध्ययन, वैद्यकीय अशा रजांचा काळ मूल्यमापनातून वगळायचा, उरलेल्या काळाचं मूल्यमापन करायचं आणि तेच वर्षभरासाठी धरायचं. रजा सक्षम अधिकाऱ्याने आधी मंजूर केलेली असावी, एवढीच अट.

चूक बहुतेक वेळा तासिकांच्या टक्केवारीच्या छेदात होते. आठवड्याला 16 तासिका, सत्र 15 आठवड्यांचं, म्हणजे एका सत्रात 240. समजा पहिल्या सत्रात तुम्ही 201 घेतल्या. 201 भागिले 240 म्हणजे 83.75 टक्के. 80 किंवा जास्त असेल तर ‘चांगले’. कार्यालय मात्र वर्षाच्या 480 तासिका छेदात टाकतं, टक्केवारी 42 च्या आत येते आणि 70 च्या खाली म्हणून ‘असमाधानकारक’. अर्जासोबत रजा मंजुरीचा आदेश, त्या सत्राचं वेळापत्रक आणि विभागप्रमुखांच्या सहीचा तासिकांचा गोषवारा लावा. उपक्रमांच्या रकान्यालाही हीच टीप लागू आहे. तिथे परीक्षेचं काम, एनएसएस, एखादा शोधनिबंध यातलं एक किंवा दोन असेल तर ‘समाधानकारक’, तीन असतील तर ‘चांगले’.

पीएच.डी. असेल तर चारपैकी तीन वर्षं समाधानकारक किंवा चांगली असली की पुरतं. म्हणून बरेच जण असं वर्ष सोडून देतात. तसं करू नका. छाननीत आणखी एका वर्षाची श्रेणी खाली आली, तर हातात काहीच उरत नाही.

नियमावली_वाचक :
अर्जाबद्दल. देय तारखेच्या तीन महिने आधीपासून अर्ज देता येतो, पण सर्व अटी पूर्ण आहेत असं त्यात लिहून द्यावं लागतं. गुरुदक्षता (पूर्वीचं ओरिएंटेशन, 21 दिवसांची अट) सक्तीचं आहे, संशोधन पद्धती वर्गाने ते भरून निघत नाही. तो वर्ग दुसऱ्या, म्हणजे छोट्या अभ्यासवर्गाच्या अटीत मोजला जाईल.

आता नियम नीट बघा. पात्रता उशिरा पूर्ण झाली आणि तेव्हा अर्ज केला, तर पदोन्नती पात्रता पूर्ण झाल्याच्या तारखेपासून. पण पहिल्या मूल्यमापनात अपात्र ठरून नंतर पात्र ठरलात, तर ती यशस्वी मूल्यमापनाच्या तारखेपासून. ते मूल्यमापन लांबलं तर तेवढे महिने गेले. म्हणून मे महिन्यात अपुरा अर्ज देऊ नका. 25 ऑगस्टचं प्रमाणपत्र हातात आलं की लगेच द्या. देय तारीख साधारण साडेतीन आठवडे पुढे सरकेल, तेवढंच नुकसान. अभ्यासवर्गासाठी कर्तव्य रजा मिळते (शैक्षणिक वर्षात कमाल 30 दिवस), तिची मंजुरी वर्ग सुरू होण्याआधी घ्या.

नवीन_सभासद :
तासिका तत्त्वावरची आधीची तीन वर्षं यात धरता येतात का?

नियमावली_वाचक :
सर, सहसा नाही. पूर्वीची तात्पुरती सेवा धरायची तर आवश्यक पात्रता असावी, रीतसर निवड समितीकडून नियुक्ती असावी आणि एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावं. तासिकेच्या मानधनात ही शेवटचीच अट अडते. पूर्ण वेतनावरची तात्पुरती नियुक्ती असेल, तर नियुक्ती आदेश, विद्यापीठाची मान्यता आणि वेतन प्रमाणपत्र जोडून मागणी जरूर करा. आधीची संस्था खासगी होती एवढ्यावरून ती सेवा नाकारता येत नाही.

वेतननिश्चिती :
छाननी समितीने शिफारस केली की काम संपलं असं समजू नका. विद्यापीठाचं मान्यतापत्र आणि समितीचं इतिवृत्त घेऊन प्रस्ताव उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात जातो. तिथे प्रस्ताव परत येतो तो बहुधा सेवापुस्तकामुळे. मॅडम, प्रसूती रजेची नोंद, दरवर्षीची वेतनवाढ आणि पीएच.डी.ची नोंद आत्ताच तपासा. रजेची नोंद नसेल तर वरची टक्केवारीही उभी राहत नाही.

वेतन असं निघतं : सध्याच्या लेव्हलमध्ये एक वेतनवाढ द्यायची, मग लेव्हल 11 मध्ये तेवढा किंवा लगतचा वरचा टप्पा. मूळ वेतन 64,900 असेल तर वाढीनंतर 66,800, आणि लेव्हल 11 ची सुरुवातच 68,900 ला, म्हणून 68,900. आदेशावर 2 ऑगस्ट पडली आणि प्रमाणपत्र 25 ऑगस्टचं, तर पुढे वसुली लागते. आदेश हातात आला की आधी तारीख वाचा.