नवं वेब फ्रेमवर्क: सुरक्षेतलं काय गाभ्यात ठेवायचं, काय वापरणाऱ्यावर सोडायचं?

रामबागकर (इंदूर)

आम्ही तिघं इंदूरचे, पायथनमध्ये एक छोटं वेब फ्रेमवर्क लिहितोय. परवाना बीएसडी, गाभा जेमतेम अडीच हजार ओळींचा, टेम्प्लेटसाठी (पानांच्या साच्यांसाठी) जिंजा. पहिली चाचणी म्हणून त्यावर इथल्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या स्पर्धांची नावनोंदणी चालवायची आहे. सभासद लॉगिन करतील, मुलांची नावं देवनागरीत भरतील. निम्मे लोक हिंदी कीबोर्डवरून टाइप करणार, हे धरूनच चला.

कोड सार्वजनिक करण्याआधी चार गोष्टी अडल्या आहेत. टेम्प्लेटमध्ये एस्केपिंग (भरलेला मजकूर एचटीएमएल म्हणून चालू नये यासाठी त्यातली खास चिन्हं बदलणं) आपोआप व्हावं की सांगितल्यावर? सीएसआरएफ (परक्या साइटने सभासदाच्या लॉगिनवर गुपचूप विनंती पाठवणं) टाळायला प्रत्येक फॉर्मात टोकन, म्हणजे गुप्त खूण, घालायलाच हवं का, की कुकीवर सेमसाइट (परक्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर कुकी अडवणारी सूचना) लावलं की भागतं? सेशन (लॉगिन झालेल्याची माहिती) सही केलेल्या कुकीत ठेवायचं की डेटाबेसमध्ये? आणि पासवर्डचा हॅश (उलट न फिरवता येणारा ठसा) करायला बीक्रिप्ट पुरे ना? आमच्यातल्या एकाचं म्हणणं असं की गाभा लहान ठेवायचा, हे सगळं प्लगइनमध्ये टाकायचं.

अर्धविराम

प्लगइनमध्ये टाकलेली सुरक्षा निम्मे लोक लावतच नाहीत, आणि नेमकी त्यांचीच साइट फुटते. सुरक्षित वागणूक न मागता मिळाली पाहिजे. असुरक्षित हवी असेल तर तिच्यासाठी लांब, डोळ्यात खुपणारं नाव लिहावं लागलं पाहिजे, म्हणजे कोड तपासणाऱ्याला एका शोधात सगळ्या जागा सापडतात.

टेम्प्लेटबद्दल सावध करतो: जिंजाचं स्वतःचं ऑटोएस्केप मुळात बंद असतं. फ्लास्क हे फ्रेमवर्क ते चालू करतं, पण फाइलचं एक्स्टेन्शन बघून. एचटीएमएल, एक्सएमएल अशांना एस्केप मिळतं. त्याच टेम्प्लेटला कुणी 'डॉट टीपीएल' नाव दिलं की मिळत नाही आणि कुठे काही सूचनाही येत नाही. तुम्ही एक्स्टेन्शन बघूच नका. सरसकट चालू ठेवा. साधा मजकूर पाठवायचा असेल, ईमेल वगैरे, तर त्याला वेगळं फंक्शन द्या.

एवढं करूनही दोन भोकं उरतात, ती दस्तऐवजात पहिल्याच पानावर लिहा. अवतरणचिन्हं न लावलेल्या ॲट्रिब्यूटमध्ये एस्केपिंगचा उपयोग नाही, कारण तिथे नुसती स्पेस टाकून नवा ॲट्रिब्यूट सुरू करता येतो. आणि एचरेफमध्ये वापरणाऱ्याने दिलेला 'जावास्क्रिप्ट:' पत्ता एस्केप होऊनही तसाच चालतो, कारण त्यात एस्केप करण्याजोगं अक्षरच नसतं.

सेवपरमल

सीएसआरएफवर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे जुनी पाठांतरं फार चालतात.

नुसत्या सेमसाइटवर विसंबू नका. ते 'साइट' बघतं, 'ओरिजिन' (प्रोटोकॉल, पूर्ण होस्ट आणि पोर्ट) नाही. एकाच डोमेनखालच्या दुसऱ्या सबडोमेनवर कुणाचं गळकं पान असेल तर तिथून आलेल्या पोस्ट विनंतीबरोबर (फॉर्म पाठवणाऱ्या) कुकी जाते. क्रोमने २०२० पासून सेमसाइट न लिहिलेल्या कुकीला लॅक्स (बाहेरून आलेल्या पोस्टबरोबर न जाणारी) मानायला सुरुवात केली, पण अशा कुकीला पहिली दोन मिनिटं बाहेरून आलेल्या पोस्टमध्येही जाऊ देतं. म्हणून लॅक्स हे स्पष्ट लिहाच. ती पहिली भिंत झाली, दार वेगळं हवं.

दार असं बसवा. गेट, हेड, ऑप्शन्स (नुसतं वाचणाऱ्या विनंत्या) सोडून बाकी प्रत्येक विनंतीचा सेक-फेच-साइट हेडर बघा; विनंती कुठून निघाली ते ब्राउझर त्यात सांगतो. 'सेम-ओरिजिन' किंवा 'नन' असेल तर आत, दुसरं काहीही असेल तर ४०३ (मनाई). हेडरच नसेल तर ओरिजिन हेडरची होस्टशी तुलना करा. दोन्ही नसतील तर विनंती बहुधा ब्राउझरची नाही, कर्लसारख्या साधनाची आहे. तिच्यात चोरून वापरण्याजोगी कुकी नसते, जाऊ द्या. गो भाषेने १.२५ आवृत्तीत हीच पद्धत थेट मानक लायब्ररीत आणली. मोठ्या ब्राउझरांपैकी सफारी हा हेडर सर्वांत शेवटी पाठवू लागली, २०२३ च्या मार्चमध्ये १६.४ बरोबर. या रीतीत फॉर्मात टोकन नाही, कॅश केलेल्या पानात शिळं टोकन अडकण्याची भानगड नाही.

एकच पथ्य: गेटने काहीही बदलायचं नाही. 'नोंदणी रद्द करा' ही साधी लिंक ठेवलीत तर वरचं सगळं वाया.

मांडवीजवळ (वडोदरा)

पद्धत मान्य, पण टोकनचं दार पूर्ण बुजवू नका. मंडळातल्या आजोबांचा फोन कुठल्या सालचा आहे ते तुम्हाला ठाऊक नाही.

शिवाय 'ब्राउझर हे करूच शकत नाही' या गृहीतकावर सूट देऊ नका. जँगो आणि रेल्स (दोन मोठी वेब फ्रेमवर्क) दोघंही पूर्वी एक्स-रिक्वेस्टेड-विथ हेडर असलेल्या एजॅक्स (पान न बदलता पाठवलेल्या) विनंतीचं टोकन तपासत नसत, कारण परक्या साइटला तो हेडर घालता येत नाही असा समज. ब्राउझरमधली प्लगइन आणि रिडायरेक्ट यांची सांगड घालून तो घालता येतो हे कळल्यावर २०११ च्या फेब्रुवारीत दोघांनाही ती सूट काढावी लागली, आणि कित्येकांचे चालू फॉर्म त्या अपडेटने अडले. नंतर काढायची सूट आधी देऊच नये.

रामबागकर

सेवपरमल, लगेच लावून पाहिलं. स्वतःच्या मशीनवर लोकलहोस्टला उत्तम चालतं. मंडळाच्या कचेरीतल्या सर्व्हरवर मात्र प्रत्येक फॉर्मला ४०३. तिथे एचटीटीपीएस नाही, पुढे एन्जिनएक्स (विनंत्या पुढे ढकलणारा प्रॉक्सी) आहे आणि पत्ता १९२.१६८.१.२०:८०८० असा आहे.

सेवपरमल

अगदी अपेक्षित. सेक-फेच-साइट हेडर ब्राउझर फक्त एचटीटीपीएस आणि लोकलहोस्टला पाठवतो. कचेरीत साधं एचटीटीपी, म्हणून तुमचा कोड ओरिजिन-होस्ट तुलनेवर उतरला. ओरिजिनमध्ये १९२.१६८.१.२०:८०८० आहे. एन्जिनएक्सला काही सांगितलं नाही तर तो प्रॉक्सी-पास मध्ये लिहिलेला पत्ताच होस्ट म्हणून पुढे ढकलतो, म्हणजे १२७.०.०.१:८००० किंवा तसंच काही. जुळणार कसं? प्रॉक्सी-सेट-हेडर वापरून होस्ट पुढे पाठवा, आणि त्यात डॉलर-होस्ट नको, डॉलर-एचटीटीपी-होस्ट घ्या, कारण पहिल्यात पोर्ट गळतो.

आता एक्स-फॉरवर्डेड-होस्ट (प्रॉक्सीने मूळ होस्ट कळवायचा हेडर) वाचायचा मोह होईल. आवरा. तो हेडर कुणीही बाहेरून लिहू शकतो. तसंच परवानगी असलेल्या होस्टची यादी सेटिंगमध्ये सक्तीची करा; नाहीतर पासवर्ड बदलायच्या ईमेलमधली लिंक खोट्या होस्टची बनते. जँगोने १.५ मध्ये अलाउड-होस्ट्स आणलं ते यासाठीच. ४०३ च्या लॉगमध्ये ओरिजिन आणि होस्ट या दोन्ही किमती छापा, म्हणजे पुढच्या माणसाला हा प्रश्न विचारावा लागणार नाही.

अर्धविराम

सेशन डेटाबेसमध्येच. सही केलेली कुकी बदलता येत नाही, पण वाचता येते, आणि लॉगआउट केल्यावरही जुनी प्रत मुदत संपेपर्यंत चालते. वर जागेची अडचण: कुकीला साधारण ४०९६ बाइटची मर्यादा. पायथनचं जेसन (माहिती मजकुरात लिहायची रीत) देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एकेक चिन्ह) मुळात सहा अक्षरांत लिहितं, बेस६४ केल्यावर ते आठ होतात. चार मुलांची नावं-पत्ते सेशनमध्ये ठेवले की कुकी फुगलीच म्हणून समजा.

कुकीत फक्त ३२ बाइटचा यादृच्छिक आकडा, डेटाबेसमध्ये त्याचा शा-२५६ हॅश. लॉगिन होताच नवा आकडा. आणि सेशन पिकलने (पायथनच्या वस्तू जशाच्या तशा साठवायच्या रीतीने) साठवू नका, कुठेही. गुप्त किल्ली फुटली की सही केलेल्या पिकलमधून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येतो. जँगोने १.६ मध्ये जेसनकडे मोर्चा वळवला, पण पिकलचा पर्याय पूर्ण काढायला ५.० उजाडलं.

पायमोडका

पासवर्डचा प्रश्न देवनागरीत वेगळाच वळतो, म्हणून लिहितो.

बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतं. इंग्रजीत ती ७२ अक्षरं; देवनागरीत यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक कोडपॉइंटला तीन बाइट लागतात, म्हणजे फक्त २४. काना-मात्रा-हलंत सगळे वेगळे मोजायचे. उदाहरण घ्या: 'राजवाड्यापासूनछप्पनदुकानापर्यंत'. हे ३१ कोडपॉइंट, ९३ बाइट. बीक्रिप्टला 'दुकान' पर्यंतच दिसतं. त्यापुढे 'आपर्यंत' ऐवजी काहीही टाका, लॉगिन होतं. पायथनचं बीक्रिप्ट पॅकेज ५.० पासून अशा वेळी त्रुटी देतं, म्हणजे मंडळाच्या सभासदाला कोरं ५०० चं पान. दोन्ही वाईटच.

त्यापेक्षा आर्गॉन२आयडी ही हॅशपद्धत घ्या: १९ मेबीबाइट स्मृती, २ फेऱ्या, समांतरता १, ही ओवास्प या वेबसुरक्षा संस्थेची किमान शिफारस. हॅशबरोबर पद्धत आणि आकडे साठवा, म्हणजे पुढे वाढवता येतात. लांबीला वरची मर्यादाही घाला, ४०९६ बाइट पुष्कळ झाली. २०१३ मध्ये जँगोत ती नव्हती, आणि एक मेगाबाइटचा पासवर्ड तपासायला सर्व्हर जवळपास मिनिटभर गुंतून पडायचा.

हॅश करण्याआधी एनएफसी (युनिकोडमधली एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) करा. तुमच्याकडे हिंदी कीबोर्ड आहेत, तेव्हा 'राजवाड़ा' येणारच. तो नुक्तेवाला ड़ एका कोडपॉइंटचाही असतो आणि ड अधिक नुक्ता असा दोनांचाही. फोनवर ठेवलेला पासवर्ड संगणकावर चालत नाही, आणि माणूस म्हणतो 'मी बरोबरच टाकतोय', ते खरंच असतं.

लॉगिन-नाव देवनागरीत ठेवणार असाल तर आणखी एक. 'कऱ्हाडे' आणि 'कर्‍हाडे' ही बघायला एकच नावं. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात र, हलंत आणि न दिसणारा जोडक. एनएफसीहून व्यापक असं एनएफकेसीही यांना एक करत नाही. म्हणून तुलनेसाठी वेगळी किल्ली बनवा: शून्य रुंदीची अक्षरं काढा, ऱ चा र करा, आणि युनिक निर्बंध त्या किल्लीवर लावा. मग 'दर्या' आणि 'दऱ्या' एक ठरतील. लॉगिन-नावापुरतं ते चालतं. पडद्यावर मात्र माणसाने लिहिलं तसंच दाखवा.

मांडवीजवळ (वडोदरा)

राहिलं ते ओआरएमचं (कोडातून डेटाबेसशी बोलणाऱ्या थराचं). किमती पॅरामीटरने जातात म्हणून सगळे निर्धास्त असतात, पण कॉलमची नावं तशी जात नाहीत. विनंतीतून आलेली डिक्शनरी दोन ताऱ्यांनी फिल्टरमध्ये उलगडली की नावंही बाहेरच्याच्या हातात जातात. जँगोला २०२२ मध्ये ॲनोटेटमध्ये आणि २०२५ मध्ये पुन्हा फिल्टरमध्ये याच वाटेने दुरुस्ती करावी लागली. नावं मॉडेलच्या यादीशी ताडून घ्या, नसेल तर त्रुटी. फॉर्म जतन करतानाही तेच: कुठली फील्डं घ्यायची ते लिहूनच द्यायला लावा. 'सगळी' हा पर्याय ठेवू नका, नाहीतर एखादा सभासद पोस्टमध्ये स्वतःच 'परीक्षक=हो' घालून पाठवेल.

सेवपरमल

आणि सार्वजनिक करायच्या दिवशीच सिक्युरिटी डॉट एमडी फाइल असू द्या: त्रुटी खाजगीत कुठे कळवायची, किती दिवसांत पोच मिळेल, कुठल्या आवृत्त्यांना दुरुस्ती मिळेल. गिटहबवर खाजगी कळवण्याची सोय चालू करावी लागते, आपोआप नसते. पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या भांडारावर) ट्रस्टेड पब्लिशिंग लावा, म्हणजे कुणाच्या लॅपटॉपवर टोकन पडून राहत नाही. दुरुस्तीचा कमिट आणि नवी आवृत्ती एकाच तासात बाहेर पडू द्या. मंगळवारी कमिट ढकलून शुक्रवारी आवृत्ती काढलीत, तर मधले तीन दिवस तुमचीच टेस्ट फाइल भोक कुठे आहे ते सांगत बसते.