रस्त्याकडेची गधेगाळ: रुंदीकरणाआधी काय करावं?

कोकणवाट: अलिबाग तालुक्यात एका वेशीवर, डांबरी रस्त्यापासून चार फुटांवर गधेगाळ, म्हणजे दानाचा लेख आणि ते मोडणाऱ्याला शाप कोरलेला जुना दगड, उभा आहे. जमिनीवर ४ फूट उंच, दीड फूट रुंद, ९ इंच जाड, तोंड पूर्वेला. वर चंद्र-सूर्य, खाली सात-आठ ओळी अक्षरं, त्याखालचा भाग मातीत. मधोमध शेंदूर. रुंदीकरणाच्या आखणीची चुन्याची रेघ दगडाच्या पलीकडून गेली आहे. ग्रामपंचायत म्हणते, दगड उचलू, रंगवू, फलक लावू. लेख वाचायचा कसा, दगड हलवायचा कसा आणि फलकावर काय लिहायचं?

पडिमात्रा: आधी तो रंग थांबवा. आपल्या काळ्या दगडाला बारीक भोकं असतात. ऑइलपेंट त्यात उतरला की काढताना अक्षरांच्या कडाही जातात. तारेचा ब्रश आणि अ‍ॅसिडही नको. साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश आणि शेवाळासाठी बांबूची काडी एवढं पुरतं.

अक्षरांत खडू किंवा पीठ अजिबात भरू नका. आपल्याला जे दिसतं असं वाटतं तेच आपण भरतो. मग फोटोत तेच 'वाचन' पक्कं होतं आणि पुढचा माणूस फसतो. पिठाला मुंग्या आणि बुरशी येते ती वेगळीच.

फोटो तिरप्या उजेडात घ्या. तोंड पूर्वेला आहे, म्हणजे दुपारी बाराच्या थोडं आधी ऊन दगडाला घासून जाईल, ती वीस-पंचवीस मिनिटं साधा. त्याहून बरं म्हणजे अंधार पडल्यावर कॅमेरा तिवईवर पक्का करायचा आणि टॉर्च दगडाच्या पृष्ठभागाशी जेमतेम १०-१५ अंशांत धरायची. डावीकडून, उजवीकडून, वरून आणि दोन्ही कोपऱ्यांतून असे पाच-सहा फोटो. कॅमेरा हलता कामा नये, उजेड तेवढा फिरवायचा. उभी रेघ वरून टाकलेल्या उजेडात गायब होते, बाजूच्या उजेडात उठून दिसते. म्हणून एका फोटोवर वाचन करू नये.

वाचताना पहिली ठेच पडिमात्रेची. जुन्या देवनागरीत 'दे' लिहिताना मात्रा डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभा दंड काढत. नवखा माणूस तो दंड मागच्या अक्षराचा काना समजतो आणि अख्खा शब्द बिघडतो. कुठे काना अर्थाला बसत नसेल तर तो पुढच्या अक्षराला देऊन बघा. सुरुवात बहुधा 'स्वस्ति श्री' आणि शकाची. शेवटी शाप. परळच्या शके ११०८ च्या लेखात 'अथ तु जो कोणु हुवि ए शासन लोपी' (जो कोणी ही दानाची आज्ञा मोडेल) असा तो सुरू होतो. दान मोडणाऱ्याला दिलेली ही शिवी, तिचंच चित्र खाली कोरलेलं असतं: गाढव आणि स्त्री. तुमच्याकडे ते मातीत असणार. उकरू नका.

दप्तरी: साल काढताना संवत्सराचं, म्हणजे प्रभव ते क्षय या साठ वर्षांच्या चक्रातलं, नाव मिळालं तर सोनं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी म्हणजे प्रभवापासूनचा क्रमांक (बाकी ० आली तर ६० वा, क्षय). पडताळा शिवराज्याभिषेकावर (शके १५९६, आनंद संवत्सर) घ्या: १५९६ + १२ = १६०८, बाकी ४८, आणि ४८ वा आनंद. बरोबर. एकाचा फरक आला तर आकडा चुकलाय असं लगेच म्हणू नका, चालू शक (सुरू असलेलं वर्ष) आणि गत शक (पूर्ण झालेलं वर्ष) यांचा घोळ असू शकतो. इसवी सनासाठी ७८ मिळवा, पण तिथी पौषाच्या मध्यानंतरची असेल तर ७९. आणि आकडा एकट्याने ठरवू नका. तुमच्याच तालुक्यातल्या अक्षीच्या लेखाचं शके ९३४ हे वाचन अजून सर्वांना मान्य नाही.

मुरूम-खडी: हलवण्याबद्दल. रेघ दोन मीटर सरकवता येते का, हे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याला लेखी विचारा. पुष्कळदा गटाराची दिशा बदलली की भागतं. तेच पत्र तहसीलदार आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पाठवा. त्यांच्या लेखी परवानगीशिवाय दगडाला हात लावू नका.

परवानगी मिळालीच तर आधी नोंद: जीपीएस, तोंडाची दिशा, जमिनीची पातळी दगडावर कुठे येते (सुतळी बांधून, खडूने नव्हे). वजनाचा अंदाज घ्या. बेसाल्ट घनफुटाला साधारण ८० किलो. दिसतोय तो भाग साडेचार घनफूट, म्हणजे ३६० किलो. मातीत अजून दोन फूट असला तर ५४० वर जाईल. चार जणांनी खांदा द्यायचं काम नव्हे ते.

जेसीबीच्या दाताने उचकटला की दगड जमिनीच्या पातळीवर तुटतो, कारण वर ढकल बसते आणि पाय घट्ट असतो. चारी बाजूंनी हाताने खणून पाय पूर्ण मोकळा करा. गोणपाट गुंडाळा, रुंद नायलॉनचे दोन पट्टे लावा. साखळी नको, कोरीव कडा खाते. ट्रॉलीत आडवा, कोरीव बाजू वर, खाली वाळूच्या गोण्या.

परत उभा करताना सिमेंट काँक्रीट टाळा. त्यातले क्षार ओलाव्याबरोबर दगडात चढतात, आणि पुन्हा काढायची वेळ आली तर फोडूनच काढावा लागतो. तळाला अर्धा फूट खडी, बाजूंनी मुरूम थराथराने ठोकून. चौथरा केलात तरी अक्षरं किंवा शिल्प त्यात बुडू देऊ नका.

कोकणवाट: शेंदराचं काय?

दप्तरी: गावाची पूजा आहे, तर गावाला विचारूनच. बहुतेकदा तडजोड होते: शेजारी दुसरा साधा दगड मांडायचा, यापुढचं तेल-शेंदूर त्यावर. जुना थर घरच्या घरी खरवडू नका.

फलक दगडापासून पाच-सहा फूट लांब, स्वतःच्या खांबांवर. दगडाला ड्रिल नाही. मजकूर ७०-८० शब्द: लेखाचा मूळ पाठ, आजच्या मराठीत अर्थ, शक आणि सन, दगड हलवला असेल तर मूळ जागा. वाचता न आलेली अक्षरं टिंबांनी दाखवा, अंदाजाने भरू नका. चित्राबद्दल 'दान मोडणाऱ्यास शाप' एवढं स्पष्ट लिहा. ते लिहिलं नाही की कुणीतरी लाजेखातर तो भाग मातीने झाकतो.