विधीच्या मुलांना आधी व्याकरण की आधी कलम?

सातबारा:
काल इथे सल्ला आला की मराठी माध्यमातून विधी शाखेला आलेल्या मुलांच्या शंका सोडवत बसू नका. आधी सहा महिने इंग्रजी व्याकरण आणि रोज २० शब्द पाठ, मग कलमं. वाचून संताप आला. मूल विचारतं, ‘व्हॉइड’ आणि ‘व्हॉइडेबल’मध्ये फरक काय? शब्दकोशात मिळेल ‘पोकळ’. त्यापेक्षा १८७२ च्या करार कायद्याचं कलम २ उघडा. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार मुळातच शून्य, म्हणजे ‘व्हॉइड’: मोहरी बीबी खटला, १९०३. धाक दाखवून सही घेतली तर कलम १९: करार ठेवायचा की मोडायचा हे धाक ज्याला दाखवला त्याच्या मर्जीवर, म्हणजे शून्यकरणीय, ‘व्हॉइडेबल’. शब्द डोक्यात पक्का बसतो.

शिसपेन्सिल:
तो सल्ला माझाच, आणि मी ठाम आहे. तुम्ही समजावलंत मराठीत, मूल वाचणार इंग्रजीत. भारतीय न्याय संहितेचं चोरीचं कलम ३०३ घ्या. ‘हूएव्हर’, लगेच ‘इंटेंडिंग टू टेक डिसऑनेस्टली’. ‘इंटेंडिंग’लाच क्रियापद समजून मुलं लिहितात, इरादा म्हणजे चोरी. खरं क्रियापद ‘मूव्ह्ज’, ते संमतीच्या शब्दांनंतर येतं. हे व्याकरणाशिवाय कसं कळणार?

सातबारा:
मग तेही कलमातूनच शिकवा! ‘हूएव्हर’ला गोल, त्याच्या क्रियापदाला गोल, मधलं सगळं कंसात. आता तुकडे मोजा: अप्रामाणिक हेतू, जंगम मालमत्ता, दुसऱ्याचा ताबा, संमती नाही, वस्तू हलवणं. उत्तराचा सांगाडा तयार. आणि तुमच्या २० शब्दांत ‘डिसऑनेस्टली’ म्हणजे खोटेपणाने. संहितेत मात्र एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी करण्याचा हेतू. पाठ केलेला अर्थ इथे आडवा येतो.

तांबडीमाती:
खरा घोळ ‘शॅल’चा आहे. शाळेत ‘आय शॅल, ही विल’ घोकवतात, मग मुलं ‘प्रतिवादी कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) सादर करील’ असा भविष्यकाळ लावतात. शॅल म्हणजे बंधन, मे म्हणजे मुभा. एवढं सांगा, विषय संपला.

शिसपेन्सिल:
संपत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३२० मध्ये ‘शॅल’ आहे, तरी मनबोधनलाल खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने लोकसेवा आयोगाशी सल्लामसलत बंधनकारक मानली नाही.

तांबडीमाती:
पहिल्या वर्षाच्या मुलासमोर अपवाद कशाला ओतता? तुम्हाला शिकवायचंय की इथे जिंकायचंय?

शिसपेन्सिल:
शिकवायचंय, म्हणूनच सांगतोय. तुमचीच कैफियत घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ८ नियम १: ३० दिवस, वाढवून ९० पर्यंत. कैलास वि. नन्हकू, २००५: मुदत निर्देशात्मक, म्हणजे सक्तीची नाही, अपवादाने नंतरही कैफियत घेता येते. व्यापारी दाव्यांत मात्र १२० दिवस उलटले की हक्क जातो आणि न्यायालय ती अभिलेखावर घेणार नाही, असं नियमातच लिहिलंय. म्हणून २०१९ मध्ये तीच मुदत बंधनकारक ठरली. ‘शॅल’ दोन्हीकडे आहे. मुदत चुकली तर काय होईल हे लिहिलंय का, ते बघायला शिकवा.

तांबडीमाती:
हा प्रश्न चांगला आहे, मान्य. पण आधी बंधन-मुभा, हा दुसऱ्या आठवड्यात.

सातबारा:
बघा, ‘शॅल’ही शेवटी कलमातूनच सुटला.

शिसपेन्सिल:
शब्दांची यादी सोडतो. वाक्यातलं क्रियापद ओळखण्याचा सराव सोडणार नाही. रोज एक कलम, पेन्सिल हातात घेऊन.