बोर्ड बदलण्याआधी बायोस बघा

कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलायचा म्हणजे मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) आणि रॅमही बदलावी लागणारच, असं या धाग्यावर वर लिहिलंय, ते इथे लागू नाही. धागा सुरू करणाऱ्याकडे बी४५० मदरबोर्ड आणि एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर आहे. एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो ती जागा) या बोर्डवर बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट केलं की रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसर चालतात, डीडीआर४ रॅम तीच राहते. नौपाड्यातल्या आमच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात मी रायझन ७ ५७००एक्स असाच बसवला. जुना आणि नवा दोन्ही प्रोसेसर ६५ वॅटचे, त्यामुळे पॉवर सप्लायलाही हात लावला नाही. इलस्ट्रेटर हे डिझाइनचं सॉफ्टवेअर बरंचसं प्रोसेसरच्या एकाच कोरच्या वेगावर चालतं, म्हणून जड फाइल उघडताना फरक लगेच कळला.

फक्त क्रम चुकवू नका: आधी बायोस, मग प्रोसेसर. मी आधी प्रोसेसर बदलला. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी. जुना परत लावून पेन ड्राइव्हवरून बायोस अपडेट केलं, तेव्हा चाललं. आणि प्रोसेसरवरचा कूलर (थंड ठेवणारा पंखा) थेट वर ओढू नका. दोघांमधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टमुळे, ती वाळलेली असली की, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. पेस्ट मऊ व्हावी म्हणून मशीन दहा मिनिटं चालवा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा.