आई-बाबा, एक शनिवार आणि सॅन फ्रान्सिस्को

सनीवेलहून:

नमस्कार मंडळी,
आई-बाबा पुण्याहून आलेत. येत्या शनिवारी त्यांना सॅन फ्रान्सिस्को दाखवायचंय. बाबा ७३ वर्षांचे, आईचे गुडघे कुरकुरतात. माझी यादी: गोल्डन गेट, अल्काट्राझ, लोंबार्ड स्ट्रीट, केबल कार, पियर ३९, कॉइट टॉवर, पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स, चायनाटाउन. सकाळी नऊला निघालो तर होईल ना सगळं? आणि जुलै आहे, म्हणजे स्वेटर नाही घेतले तरी चालेल ना?

फ्रीमाँटहून:

ताई, यादी वाचूनच माझे पाय दुखायला लागले. निम्मी खोडा.

स्वेटर घ्याच. सेंट्रल व्हॅली उन्हाळ्यात तापते, तिथली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या खिंडीतून धुकं घेऊन आत घुसते. तुम्ही सनीवेलला घाम पुसत असता तेव्हा पुलावर दात वाजत असतात. इथला खरा उन्हाळा सप्टेंबर-ऑक्टोबरात. पियरवर जाकिटं विकणाऱ्यांचं घर जुलैत चड्डी घालून आलेल्यांवरच चालतं.

अल्काट्राझ, ते जुन्या तुरुंगाचं बेट, या शनिवारी विसरा. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारची तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. पुढच्या महिन्यातला मधला वार बघा. बोट पियर ३३ वरून सुटते. डॉकपासून कोठड्यांपर्यंत १३० फूट चढ आहे, तेरा मजले जिना चढल्यासारखा. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी विजेवरची गाडी असते, बोटीतून उतरल्या उतरल्या तिथल्या रेंजरला विचारा. आणि आईंना सांगून ठेवा, थालीपीठं डॉकवरच खायची, वर फक्त पाणी चालतं. १९३४ ते १९६३ तुरुंग होता, पण मला जास्त भिडतं ते नंतरचं: १९६९ च्या नोव्हेंबरात आदिवासी अमेरिकनांनी बेट ताब्यात घेतलं आणि १९ महिने सोडलं नाही. त्यांनी भिंतींवर लिहिलेलं अजून दिसतं.

केबल कारसाठी, म्हणजे रस्त्याखालच्या दोराने ओढल्या जाणाऱ्या ट्रामसाठी, पॉवेल स्ट्रीटच्या रांगेत आई-बाबांना तासभर उभं करू नका. बार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, एम्बार्कडेरोला उतरा, बाहेर आलात की कॅलिफोर्निया लाइन समोरच. रांग बहुधा छोटी, चढ तोच. नॉब हिलवर मेसन स्ट्रीटला उतरून तीन ब्लॉक उताराने चाललात की केबल कार म्युझियम. फुकट आहे. सगळ्या शहराचे दोर तिथूनच फिरतात.

सॅन रमोनहून:

फ्रीमाँटच्या काकांशी सहमत. फक्त एक जोडते: गाडी नेलीतच तर आत काही म्हणजे काही ठेवू नका. आमची काच गेल्या वर्षी वीस मिनिटांत फुटली. आत होती एक जुनी पिशवी, त्यात लेकीची डायपरं. चोराचाही वेळ वाया गेला.

बर्कलीहून:

सगळ्यांनी केबल कार सांगितली, ५ वुड स्ट्रीट कुणीच नाही! गिअरी बुलेव्हार्डजवळचा साधा निवासी रस्ता, तिथे गदर मेमोरियल आहे. भारताच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या गदर पक्षाने आपलं वृत्तपत्र १ नोव्हेंबर १९१३ पासून याच शहरातून काढलं. संस्थापकांच्या फळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे इथूनच १९१४ मध्ये उठाव करायला परत गेले, मेरठच्या छावणीत पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरात कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर चढले. आत जायचं असेल तर आधी चौकशी करा, दार नेहमी उघडं नसतं.

सनीवेलहून, सोमवारी:

मंडळी, यादी खोडली. काच शाबूत आहे, कारण गाडी नेलीच नाही.

बाबा चाळीस वर्षं दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये होते. म्युझियममध्ये शिरल्यावर ती प्रचंड चाकं घरघरत फिरताना पाहिली आणि आमचा दिवस तिथेच संपला. चार दोर, ताशी साडेनऊ मैल, गाडीला इंजिनच नाही, ग्रिपमॅन खाली चिमटा लावून दोर पकडतो नि सोडतो. बाबांना खरी भुरळ पडली ती ब्रेकची. रुळावर लाकडाचा ठोकळा दाबतात! थोड्याच दिवसांत झिजतो, मग बदलायचा. "१८७३ पासून? आणि साहेब लोकांनी बंद नाही केलं?" करायला निघाले होते, मी म्हटलं, १९४७ मध्ये, शहरातल्या बायकांनी अडवलं. आईने बाबांकडे असं काही पाहिलं की ते गप्प बसले.

गोल्डन गेट दिसला नाही. १२८० मीटरचा मधला गाळा, ७४६ फुटांचे मनोरे, मी सगळं पाठ करून गेले होते. समोर पांढरा पडदा, आत कुठेतरी भोंगा. आई रेलिंगला धरून म्हणाली, "अगं, पूल कुठाय?" दोन मिनिटं धुकं हललं, एका मनोऱ्याचं केशरी टोक दिसलं आणि गेलं. तिने फोटो काढला, त्यात तिचा अंगठा आलाय.

बर्कलीच्या दादा, वुड स्ट्रीटला दार बंदच होतं. बाबांचं गाव शिक्रापूर, तळेगाव ढमढेऱ्याला लागूनच. पिंगळे इथे होते हे त्यांना माहीत नव्हतं. समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभे होते, मग पाटीचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. रात्रभर फोन वाजत होता.

अल्काट्राझची तिकिटं ऑगस्टमधल्या एका बुधवारची मिळालीत. काका, विजेच्या गाडीचं आईला सांगितलं. ती म्हणते, पर्वती चढते ना मी, मग हे काय घेऊन बसलात.