एम.ए. भूगोल झालं, मानवी-आर्थिक भूगोलात प्राध्यापक व्हायचंय. नवी मुंबईत राहून जमेल का?

पाटणची लेक, कोपरखैरणे

नमस्कार. यंदा एम.ए. भूगोल पहिल्या वर्गात पास झाले. पप्पा वाशीच्या भाजीपाला मार्केटमध्ये माथाडी कामगार आहेत, आई घरी शिवणकाम करते. मूळ गाव पाटण तालुक्यात.

मला कॉलेजात शिकवायचंय आणि संशोधनही करायचंय, तेही मानवी आणि आर्थिक भूगोलातच. भूरूपशास्त्र समजतं, मार्कही पडले, पण ओढ वाटत नाही. घरचे म्हणतात बी.एड. कर नाहीतर एमपीएससी दे. एका सरांनी सांगितलं, पीएच.डी. करायचीच तर रिमोट सेन्सिंग (उपग्रहचित्रांवरून अभ्यास) घे, मानवी भूगोलाला कोण विचारतं.

प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांपैकी नेट द्यावी की सेट? जागा निघतात का? आणि पीएच.डी.चा विषय कसा ठरवतात? माझ्या डोक्यात पाटणकडचे आठवडी बाजार आहेत, पण दर आठवड्याला गावी जाणं परवडणारं नाही.

कळवा नाका

ताई, आधी नोकरीचं सांगतो. मी सेट झालोय, पीएच.डी. चालू आहे आणि तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे जितके तास घेतले तितकेच पैसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत काही नाही, आणि झालेल्या तासांचं मानधनही कित्येक महिने अडकतं. कॉलेजचं नाव घेत नाही. अनुदानित कॉलेजात पूर्णवेळ सहायक प्राध्यापक झालात तर मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होतं. त्याच वर्गात तोच धडा शिकवणाऱ्या दोन माणसांत एवढं अंतर आहे. जागा निघतात, पण आधी शासनाची मंजुरी, मग बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या आरक्षणात ते ठरणं), मग जाहिरात, यात वर्षं जातात. भूगोलाची तर एखाद्या कॉलेजात एकच जागा असते.

नाउमेद करायचं नाही. वर्गात उभं राहिलं की मलाही दुसरं काही नको वाटतं. पण घरी पगाराची वाट बघणारं कुणी असेल तर हातात दुसरं काम ठेवूनच या वाटेला लागा.

चेंदणीच्या मॅडम, ठाणे

कळवा नाका यांनी लिहिलंय ते खरं आहे. मी ठाण्यात आयुष्यभर भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. माझ्या हाताखालची किती हुशार मुलं तासिकांवर झिजली ते मी पाहिलंय आणि त्याचा मला आजही संताप येतो. तरी तुला हे सोड असं मी सांगणार नाही.

परीक्षांचं आधी उरकते. नेट आणि सेट दोन्ही दे, अभ्यास जवळपास एकच आहे. सेट पुणे विद्यापीठ घेतं, ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरती चालते. नेटमध्ये जेआरएफ (संशोधनाची अधिछात्रवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० मिळतात, म्हणून तिथे जोर लाव. २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेशही मिळतो, फक्त त्यासाठी ते गुण वर्षभरच धरतात. जेआरएफ हुकली तर राज्य शासनाच्या सारथी, बार्टी, महाज्योती यांपैकी तू ज्यात बसत असशील त्या संस्थेच्या अधिछात्रवृत्तीची जाहिरात बघत राहा. सहायक प्राध्यापक व्हायला २०२३ पासून पीएच.डी.ची सक्ती नाही, नेट किंवा सेट पुरते. पण मुलाखतीत पीएच.डी. नसलेला माणूस मागे पडतो हेही तितकंच खरं.

आता विषयाचं. पाटणचे आठवडी बाजार चांगलेच आहेत, पण तुझ्या घरातून रोज रात्री एक माणूस आशियातल्या मोठ्या बाजारांपैकी एका बाजारात कामाला जातो आणि तू विषय शोधायला दुसरीकडे बघतेस! वाशीचं मार्केट हा आर्थिक भूगोलाचा प्रश्न आहे, आणि तुझं कोपरखैरण्यात असणं हा मानवी भूगोलाचा. मसाला, धान्य, कांदा-बटाटा, फळं, भाजी हा सगळा घाऊक व्यापार दक्षिण मुंबईतून टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आला. दाणाबंदर, मशीद बंदरच्या गल्ल्यांत ट्रक मावेनासे झाले होते. १९७० साली सिडको स्थापन झाली ती मुंबईवरचा भार कमी करायला, आणि खरोखर हललेल्या थोड्या गोष्टींत हा बाजार आहे. बाजार हलला तसा माथाडी हलला, त्याच्यासाठी कोपरखैरणे-घणसोलीत घरं झाली, आणि पाटण, जावळीची माणसं खाडीकाठी वस्तीला आली. १९६९ च्या माथाडी कायद्याने या माणसांना बोर्ड दिला, नोंदणी दिली. २०१६ मध्ये शासनाने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. आता शेतकऱ्याचा माल मार्केटमध्ये न येता थेट जाऊ शकतो. तसं झालं तर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माथाडींच्या टोळीला काम किती उरतं? टोळीतली जागा मुलाने घ्यावी की नाही, याचा हिशेब घराघरांत कसा होतो? यावर बसून काम करणारं माणूस हवंय.

मी मुलांना पहाटे भाजी मार्केटच्या गेटवर न्यायची तेव्हाचं एक काम सांगते. वहीत तीन रकाने: गाडीचा नंबर, माल, भरला कुठे. मुलं पहिला रकाना भराभर भरायची. एमएच-१५ म्हणजे नाशिक, एमएच-१४ म्हणजे जुन्नरकडची, लगेच नकाशावर टिंब. मग मी त्यांना ड्रायव्हरशी बोलायला पाठवायची. एकदा एमएच-४३ चा टेम्पो होता, म्हणजे पासिंग इथलं, वाशीचं. माल नारायणगावचा टोमॅटो. ड्रायव्हर म्हणाला, गाडीमालक घणसोलीला राहतो, मी ओतूरचा, संध्याकाळी भरून निघालो, आणि परत जाताना रिकामे क्रेट नेणार. नंबर प्लेट एक जागा सांगते, माल दुसरी, आणि भाडं कुणाच्या खिशात जातं ती तिसरी. टेम्पोमालकाची कमाई नवी मुंबईत राहते, ड्रायव्हरची ओतूरला जाते. हे तिसरं टिंब लावता आलं की मी समजायची, मुलाला आर्थिक भूगोल कळला.

फॉन ठ्यूनन या जर्मन अभ्यासकाने १८२६ साली शहराभोवती वर्तुळं काढली, भाजी आणि दूध अगदी जवळच्या वर्तुळात, कारण नाशवंत. आपण ते पाठ करून परीक्षेत लिहितो. त्याच मार्केटमध्ये उत्तर प्रदेशचा बटाटा, लासलगावचा कांदा आणि पावसाळ्यात पुरंदरचा वाटाणा शेजारशेजारी उतरतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जिथे भात आणि मिठागरं होती तिथे भाजीचं वर्तुळ नाही, आयटी पार्क आहेत. ही वर्तुळं कशाने मोडली, रस्त्याने, शीतगृहाने की जमिनीच्या भावाने, हे वाशीच्या गेटवर उभं राहून शिकवता येतं. मला शिकवण्यातलं सगळ्यात जास्त सुख तिथे मिळालं.

रिमोट सेन्सिंग घे म्हणणाऱ्या सरांना दोष देत नाही, त्यात नोकऱ्या आहेत. पण उपग्रहाच्या चित्रात मार्केटची छपरं दिसतात, छपराखाली कुणाची टोळी कुठल्या गाळ्यावर आहे ते दिसत नाही.

महापे एमबीपी

मॅडमच्या शेवटच्या वाक्याला थोडी पुरवणी. मीही भूगोलाचाच, महाप्यात जीआयएसच्या, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या कामावर आहे. त्यासाठीचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, दोन-तीन महिने रोज बसलात तर हात बसतो. तुमच्या त्या तीन रकान्यांचा प्रवाहनकाशा त्यातच सुंदर होतो. शिवाय नेटचा निकाल लागेपर्यंत या जोरावर आमच्यासारख्यांकडे काम मिळतं. सुरुवातीचा पगार फार नाही, पण दर महिन्याला येतो.

पाटणची लेक, कोपरखैरणे

सगळ्यांचे आभार. मॅडम, तुमचं उत्तर पप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आमच्यावर काय लिहायचं, पाठीवर गोणी आणि खाली उतरवायची. पण मग बराच वेळ मशीद बंदरचे दिवस सांगत बसले.

एक शंका आहे. स्वतःच्याच घरच्या माणसांवर संशोधन केलं तर गाइड आणि परीक्षक ते मान्य करतील का? आणि पप्पांच्या टोळीतले लोक मुकादमाविषयी मोकळं बोलतील का, की त्यांनाच त्रास होईल?

चेंदणीच्या मॅडम, ठाणे

मान्य करतील, तू ते लपवलं नाहीस तर. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातच स्पष्ट लिही की मी माथाडी कामगाराची मुलगी आहे आणि त्यामुळे मला काय सहज दिसलं, काय विचारता आलं नाही.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची आहे आणि ती तुला आपणहून पडली याचा मला आनंद झाला. पप्पांच्या टोळीपासून सुरुवात करू नकोस. दुसऱ्या मार्केटमधल्या, मसाला किंवा धान्याच्या, टोळ्या घे. नावं, टोळी नंबर, गाळा नंबर वहीत सुद्धा खुणेने लिही. वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) आणि लेव्हीचे (मजुरीवर बोर्डाकडे भरायच्या रकमेचे) आकडे विचारण्याआधी माणूस कुठून आला, कुणाच्या ओळखीने आला, गावाकडे जमीन किती, पैसे कुणाला पाठवतो हे विचार. त्यावर लोक मन मोकळं करतात, आणि पाटणचा धागाही त्यातच सापडेल. गावी जाशील तेव्हा तिथल्या दोन-चार घरांत हेच प्रश्न उलट्या बाजूने विचार.

पप्पा मशीद बंदरविषयी जे बोलले ते मात्र आजच तारीख घालून लिहून ठेव. आणि गाइड शोधताना फक्त भूगोल विभागांची यादी बघू नकोस. देवनारला लोकसंख्या विज्ञानाची संस्था आहे, तिथेच टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आहे. स्थलांतर आणि श्रमावर काम करणारी माणसं तिथे भेटतात, चर्चासत्रांना जाऊन बस. एका पानाचं टिपण तयार झालं की इथेच टाक, मी वाचून सांगेन.