दाखले आणि रापण
येशूने दाखल्यांतून, म्हणजे बोधकथांतून, बोलून अर्थ मुद्दाम झाकला का, या प्रश्नाचे उत्तर बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायातच आहे, असे मला वाटते. शिष्यांनी हेच विचारले, तेव्हा ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी दिले जाईल, असे तो म्हणाला. म्हणजे जो विश्वासाने जवळ येऊन विचारतो, त्याच्यासाठी गोष्ट उलगडत जाते. त्याच अध्यायातील, शेवटच्या न्यायाविषयीचा जाळ्याचा दाखला मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मला लहानपणी केवळ रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून केलेल्या मासेमारीचे, वर्णन वाटे: जाळे ओढायचे, वाळूत बसून चांगली मासळी टोपल्यांत भरायची, बाकीची टाकायची. जाळे पाण्यात असताना मात्र कोणतीच निवड होत नाही, हे मला प्रार्थनेत फार उशिरा उमगले, आणि तेव्हापासून इतरांविषयी निवाडा करताना माझी जीभ अडखळते.